खिडकीतून आणि जवळच्या पाण्यावरून शरदातलं स्थलांतर: नवख्यांसाठी

शरदातलं पक्ष्यांचं स्थलांतर पाहायला एक खिडकी किंवा गच्ची, चालत जाता येईल असं एखादं पाणी आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर टिकेल इतकी चिकाटी पुरते. नावाजलेल्या अभयारण्यात एक दिवस घालवला तर पक्षी पुष्कळ दिसतात. पण त्यातला कोण काल रात्री उतरला, कोण महिनाभर मुक्कामाला आहे आणि कोण बारमाही तिथलाच, हे त्या एका दिवसात कळत नाही. ते कळतं रोजच्या जागेवर. परवापर्यंत रिकाम्या असलेल्या काठावर आज धोबी शेपटी हलवत फिरतोय, हे ज्याने परवाचा काठ पाहिलाय त्यालाच उमगतं. म्हणून नवख्या माणसाला माझं पहिलं सांगणं हेच असतं, की जागा लहान निवडा आणि तिथे पुन्हा पुन्हा जा.

पक्ष्यांची नावं मी इथे मुख्यतः युरोप-आशियात वावरणाऱ्यांची घेतली आहेत. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग ३० देशांवरून जातो आणि यातले बहुतेक पक्षी त्या मार्गावर कुठे ना कुठे भेटतात. पाहण्याची रीत मात्र कुठेही तीच.

आधी वेळापत्रक समजून घ्या

पक्षी थंडी पडली म्हणून निघतात, असा समज आहे. खरं तर दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या शरीरात तयारी सुरू होते. भूक वाढते, चरबी साठते. लांबच्या पल्ल्याचे काही छोटे पक्षी निघण्याआधी आपलं वजन जवळपास दुप्पट करतात. थंडी आणि अन्नाची टंचाई नंतर येते, तोवर बरेचजण अर्ध्या वाटेवर असतात.

त्यामुळे उत्तर गोलार्धातलं ‘शरदातलं’ स्थलांतर जुलैतच सुरू झालेलं असतं. सगळ्यात आधी परततात ते चिखलपक्षी: तुतवार, चिखल्या, पाणटिवळे वगैरे काठावरच्या ओल्या चिखलात चोच मारणारी मंडळी. त्यांच्यात आधी प्रौढ पक्षी निघतात आणि काही आठवड्यांनी त्या वर्षीची पिल्लं, तीही बहुधा आईबापांशिवाय. वाट कुणी दाखवलेली नसते. २०२२ च्या ऑक्टोबरात पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून निघालं आणि कुठेही न उतरता ११ दिवसांत टास्मानियाला पोचलं. अंतर १३,५६० किलोमीटर. पाठीवर बसवलेल्या उपग्रह-यंत्रामुळे हे समजलं. तळ्याच्या काठावर सप्टेंबरात दिसणारं एखादं कोवळं तुतवारही अशीच पहिली वाट चालत असतं. हे माहीत असलं की त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते.

ऑगस्ट-सप्टेंबरात भोरड्या, माळभिंगऱ्या, पिवळे धोबी, वटवटे आणि माशीमार यांची वर्दळ असते. बदकांमध्ये भुवई बदक सर्वांत आधी हलतं. ऑक्टोबरात शिकारी पक्षी आणि बाकीची बदकं, आणि नोव्हेंबरापर्यंत हंस-कादंब व क्रौंच. या तारखा मात्र तुम्ही किती उत्तरेला आहात त्यावर पुढे-मागे सरकतात. फार उत्तरेला असाल तर तुमचं काम निरोप देण्याचं. दक्षिणेला असाल तर स्वागताचं. मधल्या पट्ट्यातल्या लोकांना दोन दिवसच थांबणारे पाहुणे भेटतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात चुरशीची जागा, कारण तिथे दर आठवड्याला पात्रं बदलतात.

साहित्य

दुर्बीण ८×४२ ची घ्या. ८ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० किंवा १२ पट ऐकायला बरी वाटते, पण हात थोडा हलला तरी चित्र थरथरतं आणि दिसणारा परीघ लहान होतो. उडता पक्षी त्यात सापडेपर्यंत निघून गेलेला असतो. त्याखेरीज एक वही, पेन्सिल आणि आपल्या भागातल्या पक्ष्यांचं चित्रमय पुस्तक. आवाज ओळखायला मर्लिन हे ॲप मदत करतं, पण त्याने सुचवलेलं नाव हा अंदाज समजा. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत ते नाव वहीत पक्कं करू नका.

पहिली पायरी: घरातून दिवसाचं आकाश

घराची अशी बाजू शोधा जिथून आभाळाचा मोठा तुकडा दिसतो. शक्यतो उत्तर-दक्षिण रोखाने मोकळी. खुर्ची टाका. सकाळी उजाडल्यापासून पहिले दोन तास छोट्या पक्ष्यांचे. धोबी, चरचऱ्या, माळभिंगऱ्या या वेळी कमी उंचीवरून जातात आणि बोलत जातात. धोब्याचं उडणं लाटेसारखं खाली-वर, आणि प्रत्येक उसळीला ‘चिझिक’. एकदा हा आवाज कानात बसला की खोलीत काम करतानाही मान वर होते.

शिकारी पक्ष्यांची वेळ निराळी. घारी, गरुड, भोवत्ये यांना तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी गरम हवा लागते. ती साधारण दहाच्या सुमारास तयार होते, त्यामुळे दहा ते तीन हा त्यांचा वेळ. एका जागी गोल गोल फिरत ते उंची गाठतात आणि मग पंख न हलवता तिरकस घसरत पुढच्या गरम झोताकडे जातात. निळ्याभोर आभाळात उंचावरचा पक्षी डोळ्याला सापडत नाही. पांढऱ्या ढगांच्या कडेने दुर्बीण सावकाश फिरवा, ठिपके तिथे उठून दिसतात. सूर्याच्या आसपास दुर्बीण नेऊ नका. डोळ्याला कायमची इजा होते.

इथे नवख्यांची हमखास गल्लत होते. संध्याकाळी बगळ्यांचे, मैनांचे, कावळ्यांचे थवे एका दिशेने जाताना दिसले की वाटतं, हेच स्थलांतर. बहुतेकदा ते रातथाऱ्याकडे निघालेले असतात. ओळखायचं कसं? दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच उभे राहा. तेच थवे उलट्या दिशेने परतले तर ती रोजची ये-जा. दिवसामागून दिवस थवे एकाच दिशेने जात राहिले आणि परतीची फेरी दिसली नाही, तर ते प्रवासी असण्याची शक्यता मोठी. त्यासाठी प्रत्येक थव्याची दिशा लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

तारांवर बसलेल्या माळभिंगऱ्या रोज मोजा. निघण्याआधीच्या दिवसांत त्यांची संख्या भराभर वाढते आणि एका सकाळी तारा मोकळ्या असतात.

दुसरी पायरी: घरातूनच, पण रात्री

दिवसा जे जातात ते एकूण प्रवाशांचा लहानसा भाग. वटवटे, माशीमार, कस्तुर असे बहुसंख्य छोटे पक्षी रात्री उडतात. सूर्य मावळल्यावर अर्धा ते एक तासात ते उठतात. रात्रीची हवा शांत आणि थंड असते, ससाणे झोपलेले असतात आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो.

ते पाहायचे कसे? एक मार्ग कानांचा. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री गच्चीवर या, दोन्ही तळहात कानांमागे धरून आभाळाकडे तोंड करा आणि वीस मिनिटं गप्प उभे राहा. पहाटेपूर्वीचा तास अधिक चांगला, कारण तेव्हा पक्षी खाली येऊ लागतात. चिखलपक्ष्यांच्या शिट्ट्या, कस्तुरांचा बारीक ‘त्सीप’, बदकांच्या पंखांची सळसळ. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं असेल तर तो एखाद्या खोल बादलीत, माइक वर करून ठेवा. रस्त्याचा आवाज बाजूने येतो तो बराच अडतो आणि वरचा पकडला जातो.

दुसरा मार्ग चंद्राचा. पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन रात्री, चंद्र बऱ्यापैकी वर आला की तिपाईवर घट्ट बसवलेली दुर्बीण किंवा छोटा टेलिस्कोप त्याच्यावर रोखा. उजळ तबकडीवरून पक्ष्याची काळी आकृती सर्रकन जाते. सेकंदाचाही कारभार नसतो. जॉर्ज लाउरी या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाने याच पद्धतीने रात्रीचं स्थलांतर मोजायला घेतलं आणि १९५२ च्या ऑक्टोबरात देशभरातले हौशी निरीक्षक चंद्राला दुर्बिणी लावून बसले होते. तेव्हाच्या मानाने तो फार मोठा उद्योग होता. आज रडारने हे काम होतं, पण चंद्रावरून जाणारा आपला स्वतःचा पहिला पक्षी दिसण्याचा आनंद रडार देत नाही.

तिसरी पायरी: घर त्यांच्यासाठी सुरक्षित करा

खरं तर दुर्बीण हातात घेण्याआधी करायचं हे काम. रात्रीच्या प्रवाशांना प्रखर दिवे खेचून घेतात. न्यूयॉर्कमध्ये दर ११ सप्टेंबरला आकाशात सोडल्या जाणाऱ्या दोन निळ्या प्रकाशझोतांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सात वर्षांत त्या झोतांमुळे सुमारे ११ लाख पक्ष्यांचं वर्तन बिघडलं, असा त्याचा निष्कर्ष. दिवे मालवले की काही मिनिटांत पक्षी पांगत होते. शिकागोत ऑक्टोबर २०२३ मधल्या एका रात्री एकाच काचेच्या इमारतीवर आपटून जवळपास एक हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी तिथल्या काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली आणि आपटून मरणं मोठ्या प्रमाणात थांबलं.

म्हणजे उपाय ठाऊक आहे आणि तो आपल्या हातातला आहे. या महिन्यांत गच्चीवरचे, बाल्कनीतले शोभेचे दिवे रात्री बंद ठेवा, पडदे ओढा. मोठ्या काचेवर बाहेरच्या बाजूने ठिपके लावा, दोन ठिपक्यांत पाच सेंटिमीटरहून जास्त अंतर नको. ससाण्याचं एखादं चित्र चिकटवून भागत नाही. पक्षी त्याला वळसा घालून बाजूच्या काचेवर आपटतो. तरीही एखादा आपटून खाली पडलाच, तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी तासभर ठेवा. पाणी-दाणा भरवू नका. सावध झाला की खोकं मोकळ्यावर नेऊन उघडा. उडता येत नसेल तर वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राला कळवा.

पाण्याचं पसरट भांडं ठेवाच. तळ खरखरीत, खोली तीन-चार सेंटिमीटर. पाणी रोज बदला. कुंडीतली वाळकी पानं थोडे दिवस तशीच राहू द्या आणि कीटकनाशक फवारू नका. रात्रभर उडून आलेल्या वटवट्याला त्या पानांतल्या अळ्याच हव्या असतात.

चौथी पायरी: पाण्यावर जा

पाणी कोणतंही चालतं: नदी, कालवा, तळं, खाडी, धरणाचं फुगवट्याचं पाणी, दगडखाणीत साचलेला डोह. सांडपाणी शुद्ध करणारी तळी तर पक्ष्यांची लाडकी असतात, प्रवेशाची परवानगी मिळत असेल तर सोडू नका. पाहायचं ते पाण्याची कड. उभ्या दगडी भिंतीच्या, काठोकाठ भरलेल्या तलावावर चिखलपक्ष्याला उभं राहायलाही जागा नसते. पाणी ओसरून चिखलाचा पट्टा उघडा पडलेला असेल, तर तो पट्टा ही तुमची जागा. पाऊस थांबल्यावर पाणी जसजसं उतरतं तसतसा हा पट्टा सरकतो आणि त्याच्यामागे पक्षी.

सूर्य पाठीशी हवा. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे पाहा, संध्याकाळी उलट. एवढी एक गोष्ट चुकली तर पाण्यावरची सगळी बदकं काळी दिसतात आणि माणूस वैतागून घरी येतो. खाडीवर जाणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून निघा. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर चिखलात विखुरलेले असतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना ढकलत काठाजवळ आणतं. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास सोन्याचे.

हवामानाकडेही लक्ष असू द्या. उत्तरेचा हलका वारा आणि स्वच्छ आभाळ असलेली रात्र म्हणजे पुष्कळजण निघणार. वाटेत अचानक पाऊस किंवा धुकं आडवं आलं तर ते मिळेल तिथे उतरतात. अशा रात्रीनंतरची सकाळ चुकवू नका, मग कामाचा दिवस असला तरी अर्धा तास काढा.

पाचवी पायरी: ओळख

बदकांपासून सुरुवात करावी असं वाटतं, कारण ती मोठी आणि पाण्यावर स्थिर. पण शरदात बदकं फसवतात. विणीनंतर नर आपली रंगीत पिसं टाकतात आणि काही काळ मादीसारखे तपकिरी दिसतात. पुस्तकातलं झळझळीत चित्र शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. रंग सोडा, आकार पाहा. थापट्याची चोच पुढे पळीसारखी रुंद, आणि ती पाण्यात घालून तो गाळत गाळत पुढे सरकतो. तलवार बदकाची मान लांब आणि सडपातळ, शेपूट टोकदार. चक्रांग सर्वांत लहान, उडताना पंखावर हिरवी चमक. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर गडद आणि फिकट पट्टे असतात, चोचीच्या बुडाशी एक फिकट ठिपका. बूड वर करून डोकं पाण्यात घालणारी बदकं उथळ पाण्यातली; पूर्ण बुडी मारून दुसरीकडे वर येणारी लालसरीसारखी खोल पाण्यातली. एवढ्या खुणांवर पहिला हंगाम निघतो.

चिखलपक्ष्यांची लोकांना भीती वाटते. सगळे करडे-तपकिरी, सगळे चिखलात. तिथे मी चालीवरून सुरुवात करायला सांगतो. चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. तुतवार आणि पाणटिवळे चालत चालत चोच खुपसत जातात. मग तीन तुतवार घ्या, कारण बहुतेक गोड्या पाण्यावर तेच भेटतात. साधा तुतवार सतत बूड वर-खाली हलवत असतो आणि त्याच्या छातीचा पांढरा रंग पंखाच्या खांद्यापुढे पाचरीसारखा वर चढलेला दिसतो. उडाला की पाण्याला लागून, ताठ पंख थरथरवत जातो. हिरवा तुतवार पाठीवर गडद. दचकला की मोठ्याने शीळ घालत उंच उसळतो आणि काळपट अंगावर पांढरा पार्श्वभाग लख्ख दिसतो. ठिपकेवाल्या तुतवाराची पाठ ठिपक्यांनी भरलेली, भुवई ठळक पांढरी, पाय पिवळसर. हे तिघे वेगळे ओळखू आले की बाकीच्यांकडे पाहायचा धीर येतो.

नंतर पिसांकडे या. सप्टेंबरातल्या पिल्लाची पिसं एकाच वेळी उगवलेली, त्यामुळे पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कड आणि सगळी नक्षी खवल्यांसारखी नेटकी. शेजारचा प्रौढ पक्षी उन्हापावसाने विटलेला, पिसांच्या कडा झिजलेल्या, मधूनच एखादं नवं पीस. चांगल्या उजेडात तीस मीटरवरून हा फरक दिसतो. हा पक्षी यंदा जन्मला की त्याआधी, हे काठावर बसून सांगता येतं.

अंतर राखा

उतरलेला पक्षी भुकेला असतो आणि त्याला पुढच्या टप्प्यासाठी चरबी साठवायची असते. तुमच्यामुळे तो उडाला तर त्याने कमावलेलं थोडं तिथेच गेलं. खाणं थांबवून मान ताठ केली, आवाज देऊ लागला, तुमच्यापासून दूर चालू लागला, की जास्त जवळ आलात असं समजा आणि मागे या. एका जागी बसून राहिलात तर तेच हळूहळू जवळ येतात. फोटोसाठी थवा उडवणं, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं हे प्रवासाच्या दिवसांत तरी कुणीच करू नये, अगदी हौसेखातरही नाही.

सहावी पायरी: नोंद

तारीख, वेळ, किती मिनिटं पाहिलं, वारा कुठला, आभाळ कसं, कोण, किती, कोणत्या दिशेला. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजा, ते दहा नजरेत केवढी जागा व्यापतात ते पाहा आणि तशा किती जागा थव्यात बसतात ते मोजा. ‘खूप’ किंवा ‘शेकडो’ असं लिहू नका. ‘अंदाजे १४०’ लिहा.

ज्या दिवशी काहीच नवं दिसलं नाही तो दिवसही लिहा. पांढरा धोबी अमुक तारखेला आला, हे खात्रीने म्हणायचं तर त्याच्या आधीच्या चार फेऱ्यांत तो नव्हता ही नोंद लागते. प्रत्येक जातीची पहिली तारीख, सर्वाधिक संख्येची तारीख आणि शेवटची तारीख असे तीन रकाने वहीच्या मागे आखून ठेवा. शेवटची तारीख हमखास राहून जाते, कारण त्या दिवशी ती शेवटची आहे हे कळत नसतं. दर फेरीची नोंद असली तरच ती मागाहून सापडते.

वहीतलं ईबर्डवरही टाका. २००२ पासून चालणाऱ्या या संकेतस्थळावर जगभरचे लोक याद्या भरतात आणि स्थलांतराच्या बदलत्या तारखांवरचं बरंच संशोधन त्यावर चालतं. दिसलेल्या सगळ्या ओळखीच्या जाती भरा, नुसत्या दुर्मीळ जाती भरून थांबू नका. साधे बगळे-कावळे वगळलेली यादी अभ्यासाला फारशी उपयोगी पडत नाही.

आणि पाय पाहा. १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकाने सारिकांच्या पायांत क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घालून पक्षी कुठे जातात हे शोधायची पद्धत सुरू केली. आज चिखलपक्ष्यांच्या पायांवर दुरूनही दिसणाऱ्या रंगीत पट्ट्या असतात. अशी पट्टी दिसली तर डावा पाय की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली, रंग कोणता, वरून खाली क्रम काय आणि अक्षरं वाचता आली तर कोणती, हे जागेवरच लिहा. जमलं तर फोटो घ्या. मग आपल्या देशातल्या कडी घालणाऱ्या संस्थेला कळवा. त्या पक्ष्याला कुठे आणि कधी कडं घातलं होतं, ते बहुधा उत्तरात तुम्हालाही कळतं.